कालव्याच्या तोंडाशी पाखरांचे गाव
(नांदूर मध्यमेश्वरला एकदा तरी जाऊन यावे)



आपल्या उसाला पाणी कुठून येते असे कोणी विचारले, तर आपण चटकन सांगतो, "कालव्याचं." कालव्याला कुठून येते म्हटले, तर "दारणेचं, गंगापूरचं." उत्तर बरोबर आहे. पण दारणा-गंगापूर आणि आपली चारी यांच्या मध्ये एक ठिकाण आहे. तिथे नदीचे पाणी अडते, वळते आणि कालव्याच्या तोंडातून आपल्याकडे निघते. ते ठिकाण आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे?

पाटकऱ्याशी आपली रोजची गाठ. सात नंबरचा अर्ज आपण वेळेवर भरतो, पाळी चुकली तर तालुक्यापर्यंत धाव घेतो, आवर्तन लांबले तर सभा घेतो. एवढा जिव्हाळा ज्या पाण्याशी आहे, त्याचे उगमाचे टोक मात्र परगावच्या लोकांनी पाहावे, फोटो काढून न्यावेत आणि आपण टेलला पाणी का पोचत नाही एवढ्याच विवंचनेत राहावे, हे काही बरे नव्हे. म्हणून या अंकात नांदूर मध्यमेश्वरची हकिकत देत आहोत. तिथे कालव्यांचे तोंड आहे आणि तिथेच महाराष्ट्रातले एक नामांकित पक्षी अभयारण्य आहे. या दोन गोष्टी एका जागी आल्या हा योगायोग नाही. एकीमुळे दुसरी झाली आहे.

दुष्काळाने बांधलेला बंधारा

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी नगर-नाशिकचा पूर्व भाग पार खंगून गेला. माणसे देशोधडीला लागली, गोठे रिकामे झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस आणि त्याच्याच सावलीत पूर्वेला कोरडी माळराने, हा आपला भूगोल. नदीतून पाणी वाहून जाते आणि काठाचे शेत तहानलेले राहते. तेव्हाच्या इंग्रज सरकारने नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने १९०३ साली असा सल्ला दिला की, नुसता महसूल पाहू नका, दुष्काळापासून बचाव करणारी कामे काढा. त्या काळात जी कामे झाली, त्यांतले हे एक.

निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा येऊन मिळते. त्या संगमाच्या जागी १९०७ च्या सुमारास बंधाऱ्याचे काम सुरू झाले आणि १९१३ च्या सुमारास ते उभे राहिले. वर दारणेवर धरण झाले, त्याचे साल १९१६. स्वातंत्र्यानंतर गोदावरीवर गंगापूरचे मातीचे धरण आले. योजना साधी आहे. साठा वर डोंगराच्या पायथ्याशी करायचा, पाणी नदीच्या पात्रातूनच खाली आणायचे, नांदूर मध्यमेश्वरला ते अडवून उंची द्यायची आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून शेताकडे वळवायचे. म्हणजे धरण ही आपली कणगी धरली, तर नांदूर मध्यमेश्वर हे माप आहे. माप भरते, रिते होते, पुन्हा भरते.

या दोन कालव्यांनी काय केले ते सांगायला नको. जिथे बाजरीचे पीकही बेभरवशाचे होते, तिथे ऊस उभा राहिला. गुऱ्हाळे आली, मग कारखाने आले, आणि पुढे शेतकऱ्यांच्या मालकीचे सहकारी कारखाने आले. आपण शेअर घेतला, मोळी टाकली, पोरांना शिकवले. पुढच्या काळात याच ठिकाणाहून वैजापूर, गंगापूरकडे जाणारा जलद कालवाही निघाला. पावसाळ्यात जायकवाडीकडे किती क्युसेक पाणी गेले ते पेपरात छापून येते, ती मोजणीही याच बंधाऱ्यावरची.

गाळ साचला आणि पाखरे आली

बंधारा बांधणाऱ्यांच्या मनात पाखरांचा विचार असण्याचे कारण नव्हते. पण दोन नद्यांचे पाणी जिथे थबकते, तिथे त्यांच्या अंगाखांद्यावरची मातीही खाली बसते. वर्षामागून वर्षे गाळ साचत गेला. पाणी पसरट झाले, उथळ झाले. मध्ये मध्ये लहान लहान बेटे वर आली. त्यांवर पाणकणीस, लव्हाळे, गवत माजले. काठाला बाभळी वाढल्या. गाळात किडे, गोगलगायी, शिंपले झाले, पाण्यात मासळी झाली.

एवढे जेवण वाढून ठेवल्यावर पाहुणे यायला कितीसा वेळ लागतो? लडाख, तिबेट, मध्य आशिया, सायबेरिया अशा दूरच्या थंड मुलखांत बर्फ पडू लागले की तिथली बदके, हंस, करकोचे दक्षिणेकडे निघतात. उडता उडता दख्खनच्या कोरड्या पठारावर त्यांना हे चकाकणारे पाणी दिसते. एकदा पोट भरलेले पाखरू पुढल्या साली वाट चुकत नाही.

१९८६ साली सरकारने हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर धरले गेले. पुढे २०१९ साली, म्हणजे जाहीर झाले २०२० च्या जानेवारीत, यातील १,४३७ हेक्टर क्षेत्राला 'रामसर स्थळ' असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. त्यानंतर २०२० मध्ये लोणार सरोवराला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला तो मान मिळाला.

रामसर हा शब्द ऐकून काही मंडळींना वाटते की प्रभू रामचंद्रांचा काही संबंध असेल. तसे नाही. रामसर हे इराणमधले, कॅस्पियन समुद्राकाठचे गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे निरनिराळ्या देशांनी एक करार केला की, पाणथळ जागा म्हणजे पडीक, रोगट जमीन नव्हे. ती पाणी धरून ठेवते, पूर आला तर त्याचा जोर मोडते, भूजल भरते आणि असंख्य जीवांना पोसते. म्हणून अशा जागा जपून वापराव्यात. 'जपून वापराव्यात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वापरूच नयेत असे तो करार म्हणत नाही. भारत १९८२ साली या करारात सामील झाला. आपल्या देशातली पहिली नावे लागली ती ओरिसातील चिल्का सरोवर आणि राजस्थानातील भरतपूर यांची.

वाट, मनोरा आणि दुर्बीण

आता प्रत्यक्ष काय पाहायला मिळते ते सांगतो. आमच्या गटातले काही सभासद थंडीच्या दिवसांत पहाटे निघून तिथे गेलो होतो. एका जीपमध्ये नऊ जण, त्यांत तीन बायका आणि दोन शाळकरी पोरे.

अभयारण्याचे मुख्य ठिकाण चापडगावच्या बाजूला आहे. तिथे वन विभागाचे निसर्ग माहिती केंद्र आहे. आधी तिथे जावे. कोणता पक्षी कसा दिसतो, काय खातो, कुठून येतो, हे चित्रांवरून समजून घेतले म्हणजे पुढे पाण्यावर नुसते काळे-पांढरे ठिपके दिसत नाहीत. गावातलीच तरुण पोरे मार्गदर्शक म्हणून काम करतात. त्यांच्यातला एक बरोबर घ्यावा, पैशाला मागेपुढे पाहू नये. चापडगावच्या त्या पोराचे डोळे दुर्बिणीपेक्षा तेज होते. आम्ही दुर्बीण लावून शोधायचो, तोवर तो बोट दाखवून मोकळा.

केंद्रापासून काठाकाठाने पायवाट जाते. एका बाजूला बाभळी, दुसरीकडे पाणी आणि मधूनमधून निरीक्षणाचे मनोरे. मनोऱ्यावर चढलो तेव्हा पूर्वेला नुकते फटफटले होते, पाण्यावर धुके होते. आधी काही दिसेना, नुसता आवाज. हजारो गळे एकदम बोलत होते. यात्रेच्या आदल्या रात्री देवळाच्या पटांगणात असतो, तसला गलका.

ऊन वर आले तसे एकेक दिसू लागले. पक्षी पाण्यावर वाटेल तसे बसत नाहीत, ही पहिली गोष्ट त्या पोराने ध्यानात आणून दिली. प्रत्येकाची जागा ठरलेली. आपल्या शिवारात जसे गट नंबर आहेत, तसे तिथेही आहेत. फक्त हद्दीची दगडे नाहीत, पाण्याची खोली हीच हद्द.

काठाच्या ओल्या चिखलात तुतारी आणि धोबी तुरुतुरु पळत किडे टिपतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या उभा असतो, लालचुटूक काडीसारखे पाय, जणू बांबूवर चढलेला डोंबारी. गुडघाभर पाण्यात चमच्या. त्याची चोच पुढे चमच्यासारखी चपटी. ती अर्धवट उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे पाणी ढवळत जातो आणि लागेल ते मटकावतो. त्याच्या जवळच चित्रबलाक, पंखांवर गुलाबी छटा असलेला मोठा करकोचा. उघड्या चोचीचा मुग्धबलाक गोगलगायी फोडतो.

त्यापुढे बदकांचा मुलूख. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते. पाणी तोंडात घ्यायचे, दातांतून बाहेर सोडायचे, आत राहील ते खायचे. आपल्या कारखान्यात रसाची गाळणी जे काम करते, तेच हे. तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे करून तळातला पाला खाते. हळदीकुंकू नावाचे बदकही आहे. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके, म्हणून हे नाव. आमच्यातल्या एका बाईंनी ते पाहून हातच जोडले. नारिंगी रंगाच्या चक्रवाकांची जोडी बेटावर बसली होती. जुन्या काव्यात ज्याच्या विरहाचे वर्णन येते तोच हा चक्रवाक. खोल पाण्यात बुड्या मारणारे पाणकावळे, आणि नंतर ओले पंख पसरून दांडीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे उभे राहणारेही तेच.

पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी लाल कपाळ घेऊन हिंडते. कमळपक्षी लांबलचक बोटांच्या जोरावर पानांवरून चालतो, पान बुडत नाही. एवढ्यात एकदम सगळी बदके भर्रकन उठली. आम्ही दचकलो. पोरगा म्हणाला, "वर बघा. भोवत्या आला." पाणकणसावरून एक तपकिरी शिकारी पक्षी पंख न हलवता सरकत होता. त्याने दोन फेऱ्या मारल्या, काही हाती लागले नाही, निघून गेला. पाच मिनिटांत बदके पुन्हा आपापल्या जागेवर.

थंडीत कधी रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, कधी करकोच्यांचे थवे उतरतात. कोणत्या दिवशी कोण भेटेल याचा नेम नाही. पण रिकाम्या हाताने परतायची वेळ सहसा येत नाही. सव्वादोनशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. वनस्पती, मासे, प्राणी धरून ५३६ प्रजातींची नोंद रामसरच्या कागदपत्रांत आहे.

पाणी सोडले की पाखरांचे काय?

आमच्यातले एक वयस्कर सभासद सकाळपासून गप्प होते. शेवटी त्यांनी मनातले विचारलेच. "काय रं पोरा, आमच्याकडं आवर्तन सुटलं की तळं खाली जात असंल. मग तुझी पाखरं आम्हाला शिव्याच देत असतील की!"

पोरगा हसला. "अण्णा, तसं नाही. उलट तळं काठोकाठ भरलं की शेकाट्या, तुतारी, चमच्या यांना पाय टेकायला जागा राहत नाही. पाणी जरा उतरलं की चिखल उघडा पडतो, त्यात त्यांचं जेवण असतं. भरलं की बदकांची मजा, उतरलं की ह्यांची. तुमच्या आवर्तनावरच तर ह्यांचं चाललंय."

"मग भांडण कसलं?"

"एकदम तळ दिसंपर्यंत नेलं तर. मग मासा जातो, पाला जातो, सगळंच उठून जातं. आन् बेटांपर्यंत कोरडं झालं की कुत्री चालत आत जातात, घरट्यातली अंडी-पिल्लं खातात."

त्या पोराने चार वाक्यांत सांगितले ते आपण ध्यानात घेण्यासारखे आहे. अभयारण्य म्हटले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आता पाणी बंद होणार, जमिनीवर निर्बंध येणार, पाखरे मोठी आणि माणूस लहान होणार, अशी धास्ती वाटते. ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. राजस्थानात भरतपूरला काय झाले ते पाहा. तेही तळे माणसानेच बंधारा घालून तयार केलेले. वरच्या अंगाला पांचना धरण झाले. २००४ साली पाऊस कमी पडला, धरणाखालच्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला, आणि जगप्रसिद्ध भरतपूर कोरडे पडले. पाखरे दुसरीकडे गेली. तिथे शेत आणि तळे यांची पाण्याची वाट वेगवेगळी होती, त्यामुळे एकाला द्यायचे तर दुसऱ्याचे काढायचे असा प्रसंग आला.

नांदूर मध्यमेश्वरला तसे नाही. तेच पाणी आधी पाखरांच्या पायाखालून जाते आणि मग आपल्या चारीत येते. आपण पाणी मागितले म्हणून ते तिथे आले. आपली मागणी आहे तोवर ते येत राहील. या तळ्याला भीती आहे ती आवर्तनाची नव्हे, उधळपट्टीची. वरचा साठा लवकर संपला की उन्हाळ्यात बंधाऱ्यात सोडायला काही उरत नाही. तेव्हा पाखरेही जातात आणि आपला खोडवाही वाळतो. ठिबकवर ऊस नेला, सरीत पाचटाचे आच्छादन केले, एक पाळी वाचवली, तर ती दोघांच्याही कामी येते. पाचट पेटवणारे अजून आपल्यात आहेत. त्यांनी आपल्याच जमिनीची ओल आपल्या हाताने उडवली असे समजावे.

गाळाचे दोन धनी

एक प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो गाळाचा.

ज्या गाळामुळे पाखरे आली, त्याच गाळाने बंधाऱ्याची साठवण खाल्ली. वरच्या अंगाला असलेल्या गावांचे म्हणणे असे की, पात्र उथळ झाल्याने पुराचे पाणी पसरते आणि घरात शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा, चांदोरी भागात गोदावरीचे पाणी घुसले तेव्हा त्या लोकांनी काय सोसले ते आपण पेपरात वाचलेच. त्यांनी गाळ काढा म्हटले तर त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? दुसरीकडे, सरसकट गाळ उपसला, बेटे नाहीशी केली, तर शेकाट्या-चमच्याची जागाच गेली आणि उरेल ते नुसते खोल पाणी.

यावर तोडगा एका लेखात निघणार नाही. पण विचार एका दिशेने व्हावा असे वाटते. नदीच्या मुख्य धारेतला गाळ आणि कडेच्या पाणथळीतला गाळ हे एकच नव्हेत. पुराला वाट हवी ती धारेत. पाखरांना जागा हवी ती कडेला. कोणता काढायचा, कोणता ठेवायचा, हे पाटबंधारे खाते, वन विभाग आणि काठची गावे यांनी एकत्र बसून ठरवावे. लाभक्षेत्रातले आपण शेतकरीही त्या बैठकीत असले पाहिजे, कारण बंधारा आपल्याही मालकीचा आहे. शिवाय गाळ येतो कुठून? वरच्या शेतातून. बांध फुटका ठेवला, उतारावर आडवी नांगरट केली नाही, ओढ्याकाठचे झाड तोडले, की माती निघाली खाली. आपल्या शेतातली सुपीक माती दुसऱ्याच्या घरात पुराबरोबर चिखल होऊन शिरते.

जलपर्णीला खत कोण घालते?

बंधाऱ्याच्या काही भागात हिरवेगार शेत पसरल्यासारखे दिसते. निळसर जांभळी फुलेही सुंदर असतात. आमच्याबरोबरची पोरे म्हणाली, "किती छान!" पण ती जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही पाहुणी एकदा पसरली की पाण्यावर छप्पर घालते. खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासळी गुदमरते, बदकांना उतरायला मोकळे पाणी राहत नाही. कालव्यात शिरली तर आपल्या चाऱ्यांची तोंडेही तीच बुजवते.

जलपर्णी माजते ती खतावर. वरच्या शहरांचे आणि गावांचे सांडपाणी हे तिचे मोठे खाद्य. तसेच शेतातून धुऊन जाणारे नत्रही. आपल्याकडे अजून पुष्कळ जण युरियाच्या गोण्या सरीत फोकतात आणि मागून पाणी सोडतात. उसाला मिळते थोडे, बाकीचे पाण्याबरोबर जाते. पैसे आपले, पीक जलपर्णीचे! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की उसाचे नत्र चार हप्त्यांत विभागून द्यावे: लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. खत मातीआड करावे. यात पाखरांवर उपकार करण्याचा प्रश्न नाही. खिशातले पैसे वाचवण्याचा प्रश्न आहे.

आणि बोलायचेच तर आपल्या घरचेही बोलले पाहिजे. साखर कारखाने आणि आसवन्या यांचे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय ओढ्या-नाल्यात जाता कामा नये, असा कायदा आहे. सभासद या नात्याने वार्षिक सभेत आपण उसाच्या दराचे विचारतो, तसे सांडपाण्याचेही विचारावे. तो आपला हक्कच आहे.

पाखरे, हुमणी, गिधाडे आणि बिबट्या

काही मंडळी म्हणतील, पाखरांचे कौतुक ठीक आहे, पण ती पीक खातात त्याचे काय? हरभऱ्यावर, गव्हावर थवा उतरला तर नुकसान होते, हे खरे. पण हिशोबाची दुसरी बाजूही मांडावी. नांगराच्या मागे बगळे, साळुंक्या, कावळे का फिरतात? हुमणीच्या अळ्या वेचायला. हुमणीने उभा ऊस कसा कोलमडतो ते आपण भोगले आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करा आणि नांगरामागची पाखरे हुसकावू नका. रात्री घुबड उंदीर मारते, त्याची मजुरीही द्यावी लागत नाही.

या परिसराच्या नोंदीत लांब चोचीचे आणि पांढऱ्या पाठीचे अशा दोन जातींच्या गिधाडांची नावे आहेत. एके काळी मेलेल्या जनावरावर घटकाभरात पन्नास-शंभर गिधाडे जमत. आज पोरांना गिधाड चित्रात दाखवावे लागते. जनावरांना दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यांच्या नाशाला कारण झाले. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालते. गाईला इंजेक्शन देताना डॉक्टरांना एवढे विचारून घ्यावे.

बिबट्याचे सांगायला नकोच. उसात त्याला सावली, पाणी आणि आडोसा मिळतो. मादी उसातच विते. तोडणी चालू असताना पिल्ले सापडली तर उचलून घरी आणू नयेत, फोटोसाठी गर्दी करू नये. तेवढा तुकडा सोडून तोडणी थांबवावी आणि वन विभागाला कळवावे. पिल्ले त्याच जागी सुखरूप ठेवली तर मादी रात्री येऊन घेऊन जाते. पिल्ले गेली तर ती चवताळते आणि धोका आपल्या कोयत्याखालच्या माणसांनाच होतो.

जायचे तर असे जावे

ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत पाखरांची गर्दी सर्वांत जास्त असते. नेमके तेव्हाच आपले गाळपही ऐन भरात असते, हे खरे. पण आपली तोड केव्हा आहे ते शेतकी गट कार्यालयात पाहून एक दिवस काढता येतो. नाशिकहून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर. निफाड हे जवळचे रेल्वे स्थानक. आपल्याकडून जाणाऱ्यांना सिन्नर किंवा निफाडमार्गे जाता येते.

उजाडायच्या आत पोचावे. नऊ वाजल्यानंतर ऊन चढते, पाखरे विसावतात आणि पाण्यावर चकाकी येऊन काही दिसत नाही. नाहीतर दुपारी चारनंतर. भडक कपडे नकोत, मातकट-हिरवट बरे. गाडीचा हॉर्न, गाणी, आरडाओरड करू नये. पाखरांना फरसाण टाकू नये. प्लॅस्टिकची पिशवी खिशात घालून परत आणावी. दुर्बीण नसली तर केंद्रावर चौकशी करावी. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना पायवाट जड जात नाही. भाकरी बांधून न्यावी. बंधाऱ्याजवळचे मध्यमेश्वराचे देऊळही पाहावे. पात्रात उतरताना मात्र पाणी सोडले आहे की काय, याची आधी विचारपूस करावी.

आणखी एक सूचना. शाळेची सहल दर वर्षी निघतेच. ती एखाद्या वर्षी कालव्याच्या तोंडाशी न्यावी. आपल्या बापाच्या शेतात येणारे पाणी कुठून निघते, वाटेत कुणाकुणाला पाजून येते, हे पोरांनी एकदा पाहिले तर ते चारीचे दार उघडे टाकून झोपणार नाहीत. शाळा-कमिटीवर असलेल्या सभासदांनी हे मनावर घ्यावे.

या तळ्याची देखभाल वन विभाग करील, बंधाऱ्याची पाटबंधारे खाते करील. पण त्यात येणारे पाणी किती उरावे आणि किती स्वच्छ असावे, हे काठच्या गावांतून आणि शेतांतूनच ठरणार आहे. येत्या हंगामात सात नंबरचा अर्ज भराल तेव्हा एक एकर तरी ठिबकचा विचार करा. युरियाची गोणी फोडाल तेव्हा चार हप्त्यांची आठवण ठेवा. आणि एखाद्या रविवारी घरच्या मंडळींना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला जाऊन या.